बटाटा, लोह आणि कमलाबाई

दहावीच्या पुस्तकात मूलद्रव्यांचा तक्ता आला की घरोघरी एकच तक्रार ऐकू येते. हे सगळं पाठ करून आयुष्यात उपयोग काय? आपणही मान डोलावतो, कारण आपल्यालाही तेच वाटलेलं असतं. आमच्या वसई-विरार पट्ट्यात तर अजूनही कितीतरी घरांत मुलीने सायन्स घ्यायचं म्हटलं की आधी लोकलची गर्दी आणि मग लग्नाचं वय मोजलं जातं. म्हणून आज मैत्रिणींनो, कमला सोहोनींची ओळख करून घेऊ.

कमलाबाई माहेरच्या भागवत. जन्म इंदूरचा. लेखिका दुर्गाबाई भागवत या त्यांच्या थोरल्या बहीण. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघेही बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून शिकलेले रसायनशास्त्रज्ञ. तेव्हा घरात रसायनाची भीती नव्हती. १९३३ साली कमलाबाई रसायनशास्त्र घेऊन मुंबई विद्यापीठाच्या बी.एस्सी.ला पहिल्या आल्या आणि वडिलांच्याच संस्थेत अर्ज केला. तो नाकारला गेला, कारण त्या बाई होत्या. आणि नाकारणारे कोण, तर नोबेल मिळवलेले सर सी. व्ही. रामन, तेव्हाचे संचालक!

एखादी रडत घरी आली असती. ह्या बंगळुरूला जाऊन थडकल्या आणि चक्क सत्याग्रहाची भाषा केली. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटी घालून. वर्षभर नियमित विद्यार्थिनी म्हणून धरणार नाही, गुरू सांगतील तेव्हा रात्री-अपरात्रीही काम करायचं, आणि त्यांच्या असण्याने प्रयोगशाळेतलं वातावरण बिघडता कामा नये. ही शेवटची अट वाचून माझा तर अजूनही संताप होतो. कमलाबाईंनी ती मुकाट्याने पाळली, श्रीनिवासय्या या गुरूंच्या हाताखाली दूध आणि डाळींतल्या प्रथिनांवर काम केलं. वर्षभराने रामन यांचं मत पालटलं आणि पुढे संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. झालेला अपमान मात्र कमलाबाई म्हातारपणीही विसरल्या नव्हत्या. का विसराव्यात?

पुढे केंब्रिज. तिथे त्यांनी हातात घेतला बटाटा. त्यात त्यांना सायटोक्रोम सी नावाचं प्रथिन सापडलं. त्याच्या पोटात लोहाचा एक अणू बसवलेला असतो. इथे तो तक्ता जरा डोळ्यांसमोर आणा. डावीकडच्या सोडियमची आपल्या बाहेरच्या इलेक्ट्रॉनवर पकड ढिली, तो पटकन देऊन टाकतो. उजवीकडे जावं तशी पकड घट्ट होत जाते, म्हणून तिकडचा क्लोरीन घ्यायलाच टपलेला. एकाने दिलं, दुसऱ्याने घेतलं की दोघांचा बंध जुळतो आणि आपल्या डब्यातलं मीठ तयार होतं. सोडियम देतो तो एकच. लोह मात्र मधल्या भागातलं, २६ नंबरचं. ते कधी दोन इलेक्ट्रॉन देतं, कधी तीन. परीक्षेत लिहितो त्या लोहाच्या दोन संयुजा म्हणजे हेच. सायटोक्रोममधलं लोह सतत एक इलेक्ट्रॉन घेतं आणि पुढे देतं, जणू पाण्याची घागर हातोहात जावी तसं. या देवघेवीवर पेशीचा श्वास चालतो. वनस्पतींच्या पेशींतही हे आहे, हे कमलाबाईंनी दाखवलं. चौदा महिन्यांत काम पुरं, प्रबंध अवघ्या चाळीस पानांचा, आणि १९३९ मध्ये पीएच.डी.!

परत आल्यावर दिल्लीचं लेडी हार्डिंज कॉलेज, मग कुन्नूरची पोषण प्रयोगशाळा. १९४७ मध्ये मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न करून त्या मुंबईला आल्या आणि तिथल्या विज्ञान संस्थेत शिकवू लागल्या. तिथेही संचालकपद चार वर्षं लांबलंच.

आपल्याला जवळचं वाटावं ते त्यांचं नीरेवरचं काम. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी सुचवल्यावरून त्यांनी ते हाती घेतलं. वसईपासून डहाणूपर्यंत ताड-शिंदीची झाडं आपण रोज बघतो, पण नीरा म्हटलं की आधी ताडीच आठवते. पहाटे उतरवलेली ताजी नीरा वेगळी. ती तशीच राहिली तर आंबते, मग ताडी होते. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी नीरेतली आणि तिच्या गुळातली जीवनसत्त्वं नि लोह तपासलं. कुपोषित आदिवासी मुलं आणि गरोदर बाया यांच्या आहारात ती दिल्यावर तब्येत सुधारलेली दिसली. या कामाबद्दल त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

पालघरच्या पाड्यांवर काम करताना फिकट डोळ्यांच्या, दम लागणाऱ्या बाया आम्हाला नेहमी भेटतात. त्यांना पालेभाजीवर लिंबू पिळा सांगते तेव्हा मागे तोच दोन-तीनचा हिशेब असतो. भाजीतलं बरंचसं लोह तीनवालं, ते शरीरात नीट शोषलं जात नाही. लिंबातलं क जीवनसत्त्व त्याला एक इलेक्ट्रॉन देऊन दोनवालं करतं, मग ते शोषलं जातं. जेवणाबरोबर चहा घेतला तर चहातलं टॅनिन लोहाला धरून ठेवतं, म्हणून चहा जरा उशिरा.

निवृत्तीनंतरही त्या बसून राहिल्या नाहीत. १९६६ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या ग्राहक मार्गदर्शन संस्थेच्या त्या संस्थापकांपैकी एक. भेसळ घरच्या घरी कशी ओळखावी, हे त्यांनी सोप्या भाषेत लिहिलं. १९९८ मध्ये वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या.