एमिली डिकिन्सन आणि तिची विरामचिन्हे

विरामचिन्हे ही मराठीला इंग्रजीकडून मिळालेली देणगी होय. मेजर कँडी यांच्या परिश्रमाने ती एकोणिसाव्या शतकात आपल्या लेखनात रूढ झाली. पेपरातील गुण कापले गेले म्हणजेच आपल्यापैकी अनेकांना त्यांचे स्मरण होते. अशा वाचकांनी एमिली डिकिन्सन या अमेरिकन कवयित्रीचे चरित्र अवश्य जाणून घ्यावे, असे आम्हांस वाटते.

एमिलीचा जन्म १० डिसेंबर १८३० रोजी मॅसॅच्युसेट्स राज्यातील ॲमहर्स्ट या गावी झाला. वडील एडवर्ड हे नामांकित वकील असून काही काळ अमेरिकन काँग्रेसचे सभासदही होते. माउंट होल्योक येथील मुलींच्या विद्यालयात जेमतेम एक वर्ष काढून ती घरी परतली. तिने विवाह केला नाही आणि उत्तरायुष्यात ती घराबाहेरही क्वचितच पडे. घरचा पाव ती स्वतः भाजत असे. १८५६ साली गावच्या प्रदर्शनात तिच्या पावाला दुसरे बक्षीस मिळाले. घरकामातून सवड काढून ती कविता लिही. कागद दुमडून, सुईदोऱ्याने शिवून तिने कवितांच्या चाळीस लहान वह्या सिद्ध केल्या.

या कवितांत स्वल्पविराम व पूर्णविराम थोडे. जिकडेतिकडे दिसते ते अपसारणचिन्ह, म्हणजे डॅश. कधी शब्दांच्या मध्ये, कधी ओळीच्या अखेरीस. वाचणाऱ्याने तेथे क्षणभर थांबावे, पण अर्थ संपला असे मानू नये, असाच जणू त्याचा संकेत.

तिच्या हयातीत जेमतेम दहा कविता छापल्या गेल्या, त्याही नावावाचून. १८६६ साली एका वृत्तपत्राने तिची सापावरील कविता प्रसिद्ध केली, तेव्हा तिसऱ्या ओळीअखेर छापणाऱ्यांनी आपल्या पसंतीचे चिन्ह घातले. तिसरी व चौथी ओळ मिळून एकच वाक्य होते. ते मध्येच तुटले. एमिलीने ही व्यथा हिगिन्सन या साहित्यिक मित्रास पत्राने कळविली. कीर्तीची हाव नसलेल्या या स्त्रीला एका चिन्हाचा बदल मात्र सहन झाला नाही!

१५ मे १८८६ रोजी ती निवर्तली. धाकटी बहीण लव्हिनिया हिला त्या वह्या सापडल्या. १८९० मध्ये मेबल लूमिस टॉड आणि तेच हिगिन्सन यांनी निवडक कवितांचा संग्रह काढला. परंतु वाचकांना रुचावे म्हणून त्यांनी कवितांना मथळे दिले, काही शब्द बदलले आणि बहुतेक डॅश काढून रूढ चिन्हे घातली. पुस्तक लोकप्रिय झाले, पण त्यातील विराम एमिलीचे नव्हते. १९५५ साली टॉमस जॉन्सन या संपादकाने हस्तलिखितांवरून १७७५ कविता प्रसिद्ध केल्या, तेव्हा तिचे डॅश तिला परत मिळाले.

तरीही वाद मिटला नाही. कोणी म्हणाले, हे डॅश कवितेच्या लयीचे दर्शक आहेत. दुसऱ्यांनी दाखविले, की ती पाककृती लिहितानाही हेच चिन्ह वापरी. तेव्हा ती केवळ हाताची सवय असावी. हस्तलिखितात तर काही रेघा वर चढतात, काही खाली उतरतात. छापखान्यात मात्र सगळ्या सारख्याच होतात.

आमच्या मते, सवय असो वा संकेत, ते चिन्ह तिचे आहे, आणि एवढे कारण पुरेसे आहे. विद्यार्थी मित्रांनो, निबंध लिहिताना नियम अवश्य पाळा. पण दुसऱ्याचे लेखन उतरून घेताना त्याचा एक स्वल्पविरामही आपल्या मर्जीने हलवू नका.