रेझोल्यूशन बेटाचा राखणदार

१३ नोव्हेंबर १९२९ रोजी ऑकलंडच्या मनोरुग्णालयात रिचर्ड हेन्री यांचे निधन झाले. वय ८४ वर्षांचे. अंत्यविधीला हेलेन्सव्हिल गावचा पोस्टमास्तर तेवढा उपस्थित होता. न्यूझीलंडमध्ये आज पक्षीसंरक्षणाचा इतिहास या माणसाच्या नावाशिवाय सुरू होत नाही. त्या दिवशी मात्र त्यांच्या आयुष्याचे सार्थक झाले असे म्हणायला कोणापाशीच काही आधार नव्हता. ज्या पक्ष्यासाठी त्यांनी उमेदीची वर्षे वेचली, तो काकापो नामशेष होण्याच्या वाटेवर होता.

हेन्री यांचा जन्म १८४५ सालचा, आयर्लंडमधला. १८५१ मध्ये कुटुंब ऑस्ट्रेलियाला निघाले आणि त्या समुद्रप्रवासातच आई दगावली. व्हिक्टोरिया प्रांतात वॉर्नाम्बूल परिसरात वाढताना पशुपक्ष्यांचा माग काढण्याची विद्या त्यांना तिथल्या आदिवासींकडून मिळाली. निसर्गशास्त्राची पदवी त्यांच्यापाशी कधीच नव्हती. तिशीच्या आसपास ते न्यूझीलंडला आले आणि १८८३ पासून दक्षिण बेटावरच्या ते आनाऊ सरोवराकाठी झोपडी बांधून राहू लागले. सशांची शिकार, सुतारकाम, पक्ष्यांमध्ये पेंढा भरणे, प्रवाशांना वाट दाखवणे, अशा मिळेल त्या कामावर गुजराण चाले. उरलेला वेळ रानात जाई.

त्या रानात काकापो होता. पोपट म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर पेरूच्या झाडावरचा हिरवा रावा येतो. काकापोही हिरवा, पण वजनाने चार किलोपर्यंत भरणारा, अजिबात न उडणारा आणि रात्रीच हिंडणारा. माओरी भाषेत त्याच्या नावाचा अर्थच रात्रीचा पोपट असा आहे. विणीच्या काळात नर जमिनीत उथळ खळगे करतात आणि त्यात बसून रात्रभर घुमतात. हा माद्यांना बोलावण्याचा प्रकार असावा आणि हे पक्षी दरवर्षी वीण घालत नाहीत, ही निरीक्षणे हेन्री यांनी नोंदवून ठेवली. पुढच्या शतकातील शास्त्रज्ञांनी ती खरी ठरवली.

संकट आले ते माणसाच्या हुशारीतून. वसाहतकाऱ्यांनी आणलेले ससे मेंढ्यांची कुरणे फस्त करू लागले, तेव्हा त्यांचा बंदोबस्त करण्यासाठी १८८० च्या दशकात सरकारने स्टोट, वीझल आणि फेरेट ही मुंगसाच्या चणीची मांसाहारी जनावरे परदेशातून आणवून सोडली. पक्षितज्ज्ञांनी आधीच धोक्याचा इशारा दिला होता. तो मेंढपाळांच्या ओरडीपुढे टिकला नाही. काकापोने लाखो वर्षे आकाशातून झडप घालणारे शत्रूच पाहिले होते. धोका जाणवला की तो निश्चल होऊन राही. वासावरून शिकार हुडकणाऱ्या जनावरापुढे हा बचाव कुचकामी होता, आणि त्यातून काकापोच्या अंगाला उग्र गोडसर वास असतो. ते आनाऊच्या काठावरून पक्षी कसे ओसरत गेले, हे हेन्री यांनी डोळ्यांनी पाहिले आणि वृत्तपत्रांतून लिहून सांगितले.

डस्की साउंड या निर्जन खाडीतील रेझोल्यूशन बेट १८९१ मध्ये पक्ष्यांसाठी राखून ठेवण्यात आले. तिथल्या राखणदाराची जागा आपल्याला मिळावी अशी हेन्री यांची आस होती. पण नेमणूक लांबत गेली. १८९३ मध्ये निराशेच्या भरात त्यांनी ऑकलंड येथे स्वतःचे जीवन संपवण्याचा प्रयत्न केला. सुदैवाने ते वाचले. पुढच्याच वर्षी ती जागा त्यांना मिळाली.

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी ते डस्की साउंडमध्ये दाखल झाले. सोबतीला अँड्र्यू बर्ट नावाचा मदतनीस होता. खाडीतल्या पिजन नावाच्या छोट्या बेटावर त्यांनी घर उभारले. धो धो पाऊस, चावऱ्या माश्यांचे थवे, आणि टपाल व शिधा घेऊन मधूनमधून येणारे सरकारी जहाज, एवढाच तिथला संसार. मुख्य भूमीवरच्या रानात कुत्र्याच्या मदतीने ते दिवसा दडून बसलेले पक्षी शोधत. पक्ष्याला इजा होऊ नये म्हणून कुत्र्याच्या तोंडाला मुसके बांधलेले असे. धरलेले काकापो आणि किवी काही दिवस कुंपणात ठेवून, नावेत घालून ते रेझोल्यूशनवर सोडत. १९०० सालापर्यंत अशा पक्ष्यांची संख्या पाचशेच्या पुढे गेली होती. मोटारबोट नाही, बिनतारी यंत्र नाही. हात, वल्ही आणि शीड यांच्या बळावर झालेले हे काम आहे. संकटग्रस्त पक्षी उचलून शत्रू नसलेल्या बेटावर न्यायचे, ही जगभर आज सर्वमान्य झालेली पद्धत एवढ्या प्रमाणावर प्रथम राबवली गेली ती इथे.

१९०० च्या सुरुवातीस खाडीत आलेल्या प्रवाशांनी एक बातमी सांगितली. रेझोल्यूशनच्या किनाऱ्यावर वीझलसारखे जनावर वेका पक्ष्याच्या मागे धावताना त्यांना दिसले होते. हेन्री यांचा विश्वास बसेना. त्यांनी सापळे लावले, किनारे धुंडाळले. हाती काही लागले नाही. काही महिन्यांनी ते जनावर त्यांनी स्वतःच पाहिले.

बेट आणि मुख्य भूमी यांच्यामध्ये सर्वांत अरुंद ठिकाणी जेमतेम अर्ध्या किलोमीटरचे पाणी आहे. तेवढे अंतर ही जनावरे पोहून जाणार नाहीत, या समजुतीवर सारी योजना उभी होती. स्टोट त्याहून अधिक पोहू शकतो, हे आज ठाऊक आहे. दोषच द्यायचा तर तो बेट निवडणाऱ्यांच्या अपुऱ्या ज्ञानाला द्यावा लागेल. शिक्षा मात्र भोगली ती बेटाच्या राखणदाराने. तरीही हेन्री जागा सोडून गेले नाहीत. १९०३ मध्ये न उडणाऱ्या पक्ष्यांच्या सवयींवरचे त्यांचे पुस्तक निघाले, आणि १९०८ पर्यंत ते डस्की साउंडमध्येच राहिले. त्यानंतर कापिती बेटावर काही वर्षे राखणदारी केली. उतारवय उत्तरेकडे गेले. अखेरीस स्मृती साथ देईनाशी झाली.

काकापो संपलाच, असे पुढे अनेकांना वाटत होते. १९७० च्या दशकात फिओर्डलँडच्या दुर्गम खोऱ्यांत थोडे नर सापडले, आणि १९७७ मध्ये रकिउरा म्हणजे स्टुअर्ट बेटावर एक मोठा समूह आढळला. तिथे रानमांजरे त्यांचा फडशा पाडत होती. म्हणून पक्षी पुन्हा उचलून बेटांवर हलवण्यात आले. उपाय हेन्री यांचाच होता. फक्त या वेळी बेटे दूरची निवडली आणि उंदीर, पॉसम यांच्यापासूनही साफ केली. १९९५ मध्ये जगात ५१ काकापो उरले होते.

हेन्री यांच्या वाट्याला न आलेली एक गोष्ट या दुसऱ्या प्रयत्नाला मिळाली, ती म्हणजे माणसे. रकिउराजवळच्या व्हेनुआ हौ बेटावर संवर्धन खात्याचे कर्मचारी आणि न्गाई ताहू जमातीच्या बरोबरीने स्वयंसेवक येत राहिले. बेटावर पाऊल ठेवण्यापूर्वी त्यांच्या पिशव्या, बूट, कपड्यांच्या शिवणीदेखील तपासल्या जातात. एखादे बी किंवा उंदीर आत जाता कामा नये. मग पाठीवर खाद्याचे ओझे घेऊन चिखलाच्या पायवाटांनी डबे भरत फिरायचे आणि ते घासायचे. विणीच्या हंगामात कित्येकांनी घरट्याजवळच्या तंबूत रात्री जागून काढल्या. मादी चरायला बाहेर पडली की अवरक्त किरणांना जोडलेली घंटा तंबूत वाजे. स्वयंसेवकाने उठून अंड्यांवर ऊबदार आच्छादन घालायचे आणि ती परतण्याआधी दूर व्हायचे. काम कंटाळवाणे, थंडीचे आणि कोणाच्या नजरेला न पडणारे. हेन्री यांना ते परके वाटले नसते. २००२ च्या एका हंगामात २४ पिल्ले मोठी झाली; २०२२ पर्यंत पक्ष्यांची संख्या २५२ वर पोहोचली.

रेझोल्यूशन बेटावर २००८ पासून सापळ्यांच्या रांगा लावल्या आहेत.

१९७५ मध्ये फिओर्डलँडच्या गलिव्हर खोऱ्यात सापडलेल्या एका नराला रिचर्ड हेन्री असे नाव देण्यात आले होते. मुख्य भूमीवरच्या काकापोंचा तो शेवटचा वारस ठरला. बाकीचे सगळे पक्षी रकिउराचे आणि एकमेकांच्या जवळच्या नात्यातले. त्यामुळे नवे रक्त मिळण्याची आशा या एकट्यावर होती. १९९८ मध्ये फ्लॉसी या मादीपासून त्याला तीन पिल्ले झाली: कुइआ, गलिव्हर आणि सिंदबाद. म्हातारा २०१० च्या डिसेंबरात मृतावस्थेत आढळला. पुढे कुइआलाही पिल्ले झाली.