पाण्याचे हंडे वाहिले, दासबोधही लिहिला : कल्याणस्वामी
कंधार : समर्थ रामदास आपल्याच मराठवाड्यातल्या जांबचे. कल्याणस्वामी त्यांचे लाडके शिष्य, मूळ नाव अंबाजी. सज्जनगडाच्या मठात त्यांचं रोजचं काम काय, तर उरमोडी नदीचं पाणी तांब्याच्या मोठाल्या हंड्यांत भरून गड चढायचा, असं सांगतात. ते हंडे आजही गडावर बघायला मिळतात. समर्थ सांगतील तसा दासबोध लिहून घेणारेही हेच. २० दशक, २०० समास! पुढं गुरूंनी त्यांना परंडा तालुक्यातल्या डोमगावला, सीनाकाठी मठ सांभाळायला धाडलं. शके १६०३ मध्ये समर्थ गेले, तेव्हा कल्याण जवळ नव्हते. पण नेमून दिलेलं काम त्यांनी सोडलं नाही. १७१४ मध्ये त्यांनी देह ठेवला. समाधी डोमगावलाच आहे.