अहमदनगरचं अहिल्यानगर करताना कॉम्प्युटरमध्ये काय होतं? हे कोडं ७० वर्षांपूर्वी हातात घेणाऱ्या ग्रेस हॉपर यांची गोष्ट

३१ मे २०२३. जामखेड तालुक्यातलं चौंडी, म्हणजे पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं जन्मगाव. इथल्या जयंतीच्या कार्यक्रमात अहमदनगरचं नाव अहिल्यानगर करण्याची घोषणा झाली. पुढे ऑक्टोबर २०२४ मध्ये त्यावर सरकारी शिक्कामोर्तबही झालं.

नाव बदललं की पाट्या बदलतात, लेटरहेड बदलतं, शिक्के बदलतात. पण कॉम्प्युटरमध्ये काय करावं लागतं?

समजा, एका मोठ्या बँकेचा कारभार मेनफ्रेमवर चालतो. मेनफ्रेम म्हणजे बँका, विमा कंपन्या आणि एअरलाइन्स वापरतात तो अवाढव्य ताकदीचा कॉम्प्युटर. यात प्रोग्राम ठेवायची पद्धत कपाटासारखी असते. कपाटाला म्हणतात लायब्ररी आणि आतल्या प्रत्येक फायलीला म्हणतात मेंबर. मेंबरचं नाव जास्तीत जास्त ८ अक्षरांचं असतं आणि एकेका लायब्ररीत असे हजारो मेंबर असू शकतात.

आता या मेंबरांमध्ये शेकडो ठिकाणी अहमदनगर लिहिलेलं आहे. एकेक मेंबर उघडून हाताने बदलायचं म्हटलं तर महिने जातील, आणि हाताने केलं की चुका होणारच. म्हणून मेनफ्रेमवाले एक छोटा प्रोग्राम लिहितात. तो प्रत्येक मेंबर उघडतो, जुना शब्द शोधतो, नवा घालतो, सेव्ह करतो आणि पुढच्या मेंबरकडे जातो. यालाच घाऊक एडिटिंग म्हणायचं.

काम सोपं वाटतं, पण खरी मेख पुढे आहे. रोमन लिपीत अहमदनगर लिहायला १० अक्षरं लागतात आणि अहिल्यानगर लिहायला ११. प्रोग्राममध्ये जिल्ह्याच्या नावासाठी १० च अक्षरांची जागा ठेवली असेल, तर शेवटचं अक्षर कापलं जाणार आणि पासबुकवर छापून येणार 'अहिल्यानगा'.

दुसरी अडचण अशी की सगळीकडे नाव बदलायचंही नसतं. १९४७ साली सुरू झालेल्या अहमदनगर कॉलेजचं नाव जिल्ह्याबरोबर आपोआप बदलत नाही. डोळे झाकून घाऊक बदल केला, तर कॉलेजच्या खात्याचंही नाव बदलून बसेल.

थोडक्यात, एकच गोष्ट हजार ठिकाणी लिहिलेली असणं हेच मूळ दुखणं आहे. या दुखण्यावर अगदी सुरुवातीला ज्यांनी औषध शोधलं, त्यात एक नाव ठळक आहे. त्या होत्या अमेरिकन नौदलातल्या अधिकारी, ग्रेस हॉपर.

घड्याळं खोलणारी मुलगी

ग्रेस मरे यांचा जन्म ९ डिसेंबर १९०६ चा, न्यूयॉर्कचा. सात वर्षांच्या असताना त्यांनी गजराचं घड्याळ कसं चालतं हे बघायला ते खोललं. परत जोडता येईना, म्हणून दुसरं खोललं. असं करत घरातली बरीच घड्याळं खोलून झाली, तेव्हा आईच्या लक्षात आलं. आईने शिक्षा केली नाही. इथून पुढे खोलायला एकच घड्याळ मिळेल, एवढंच बजावलं.

व्हॅसर कॉलेजातून १९२८ साली गणित आणि भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि १९३४ साली येल विद्यापीठातून गणितात पीएचडी केली. त्या काळात गणितात पीएचडी करणाऱ्या बायका फारच थोड्या होत्या. मधल्या काळात व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी लग्न झालं आणि व्हॅसरमध्येच शिकवायची नोकरीही लागली. सगळं मार्गी लागल्यासारखं होतं.

मग दुसरं महायुद्ध सुरू झालं.

त्यांनी नौदलात जायचं ठरवलं, पण वय जास्त आणि वजन नियमापेक्षा कमी होतं. त्यातून गणिताच्या प्राध्यापकांची गरज युद्धाला कॉलेजातच आहे, असं सरकारचं म्हणणं होतं. बाईंनी पिच्छा सोडला नाही. वजनाची सवलत मिळवली, डिसेंबर १९४३ मध्ये नौदलाच्या महिला राखीव दलात दाखल झाल्या आणि प्रशिक्षणात पहिल्या आल्या.

जुलै १९४४ मध्ये पोस्टिंग मिळालं, पण जहाजावर नाही. त्यांना पाठवलं हार्वर्ड विद्यापीठातल्या एका खोलीत.

५१ फूट लांब मशीन आणि वह्यांची लायब्ररी

त्या खोलीत मार्क वन हे मशीन होतं. ५१ फूट लांब, ८ फूट उंच आणि सुमारे ५ टन वजनाचं. त्याला सूचना द्यायच्या त्या कागदी पट्टीवर भोकं पाडून. प्रमुख होते हॉवर्ड एकेन, अत्यंत कडक माणूस. आल्या आल्या त्यांनी हॉपर यांना कामाला जुंपलं.

तोफांचे तक्ते, नौदलाची नाना गणितं या मशीनवर रात्रंदिवस चालायची. जॉन फॉन नॉयमन यांच्यासारखा नामवंत गणिती एक गणित घेऊन आला, तेही याच मशीनवर सोडवलं गेलं. ते अणुबॉम्बच्या कामाचं होतं, हे तिथल्या लोकांना नंतर कळलं. हॉपर यांनी या मशीनचं ५६१ पानांचं मॅन्युअल लिहिलं. ते १९४६ साली छापलं गेलं.

इथेच त्यांना आयुष्यभराचा प्रश्न सापडला.

काही गणितं परत परत लागायची. वर्गमूळ काढणं, त्रिकोणमितीतली मूल्यं काढणं वगैरे. एकदा लिहिलेला आणि नीट चाललेला असा तुकडा प्रोग्रामर आपापल्या वहीत उतरवून ठेवायचे. कुणाला गरज पडली की तो सहकाऱ्याची वही मागायचा आणि तुकडा नकलून घ्यायचा. या तुकड्यांना सबरूटीन म्हणतात. आणि या वह्या हीच त्यांची लायब्ररी होती.

पण नक्कल करताना आकडे चुकायचे. एखादं चिन्ह दुसऱ्यासारखं दिसायचं. त्यात भर म्हणजे बेरीज करावी लागायची. वहीतला तुकडा शून्य क्रमांकापासून लिहिलेला असायचा. तो नव्या प्रोग्राममध्ये ३०० व्या जागी बसवायचा असेल, तर त्यातल्या प्रत्येक पत्त्यात ३०० मिळवावे लागायचे. एक बेरीज चुकली की आख्खं गणित चुकणार.

हॉपर यांच्या लक्षात आलं की उत्तम शिकलेली माणसंसुद्धा नक्कल आणि बेरीज या दोन गोष्टी सतत चुकवतात. आणि समोर जे मशीन उभं आहे, ते नेमक्या याच दोन गोष्टी न चुकता करतं. मग हे काम माणसाने का करायचं?

पतंगाचा किस्सा

हॉपर यांचं नाव निघालं की एक किस्सा हमखास येतो. ९ सप्टेंबर १९४७ ला हार्वर्डच्या मार्क टू मशीनमध्ये एक पतंग अडकला. लोकांनी तो काढून लॉगबुकात चिकटवला आणि त्यावरूनच कॉम्प्युटरमधल्या चुकीला बग म्हणायला लागले, असं सांगतात.

पतंग खरा आहे, लॉगबुकही खरं आहे. पण तो हॉपर यांनी पकडला नव्हता आणि इंजिनिअर मंडळी बग हा शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून वापरत होती. हॉपर हा किस्सा रंगवून सांगायच्या, म्हणून तो त्यांच्या नावावर जमा झाला.

मशीनच मशीनचा प्रोग्राम लिहितं

युद्ध संपलं. १९४५ साली घटस्फोट झाला. नवऱ्याचं आडनाव मात्र त्यांनी कायम ठेवलं. हार्वर्डमध्ये बायकांना कायमची जागा मिळायची आशा नव्हती. याच काळात त्यांना दारूच्या व्यसनाने घेरलं. नोकरी आणि जीव दोन्ही पणाला लागावेत अशी वेळ होती. मित्रांनी आणि सहकाऱ्यांनी सांभाळून घेतलं, आणि त्यांनी कामाला धरून ठेवलं.

१९४९ साली त्या फिलाडेल्फियातल्या एकर्ट-मॉकली कंपनीत रुजू झाल्या. ही कंपनी युनिव्हॅक नावाचा कॉम्प्युटर बनवत होती. पुढे रेमिंग्टन रँडने ती विकत घेतली.

इथे त्यांनी वह्यांमधली लायब्ररी मॅग्नेटिक टेपवर नेली. प्रत्येक सबरूटीनला एक क्रमांक दिला. प्रोग्रामरने फक्त क्रमांकांची यादी द्यायची. मशीन टेपवरून ते तुकडे शोधणार, ओळीने लावणार, सगळ्या पत्त्यांची बेरीज करणार आणि तयार प्रोग्राम हातात देणार. १९५१-५२ मध्ये तयार झालेल्या या प्रोग्रामचं नाव होतं ए-झिरो आणि त्याला त्यांनी कंपायलर म्हटलं.

आजच्या कंपायलरपेक्षा तो खूप साधा होता. पण लायब्ररीतले मेंबर उचलायचे आणि त्यांच्यात ठिकठिकाणी लागणारे बदल मशीननेच करायचे, ही कल्पना त्यात होती.

लोकांनी काय केलं? विश्वासच ठेवला नाही. कॉम्प्युटर आकडेमोड करतो, तो प्रोग्राम कसा लिहील, असं म्हणून कित्येकांनी दुर्लक्ष केलं. चालता कंपायलर समोर असूनही त्याला हात लावायला फार कुणी तयार नव्हतं.

हॉपर एक पाऊल आणखी पुढे गेल्या. व्यापारी कामं करणाऱ्या माणसांना गणिताची चिन्हं आवडत नाहीत, मग त्यांना साध्या इंग्रजी शब्दांत प्रोग्राम लिहू द्यावा, असं त्यांनी सुचवलं. हेच शब्द फ्रेंच किंवा जर्मनमध्येही चालतील, हे त्यांनी करून दाखवलं. त्यावर साहेब लोक घाबरले. अमेरिकेत बनलेला कॉम्प्युटर फ्रेंच कसा समजेल, हेच त्यांच्या पचनी पडेना. मशीनच्या लेखी शब्द म्हणजे नुसत्या खुणा असतात, एवढंच हॉपर यांना दाखवायचं होतं. या खटपटीतून फ्लो-मॅटिक ही भाषा तयार झाली.

कोबॉल आणि एकाच जागी दुरुस्ती

१९५० च्या दशकाच्या शेवटी नवं संकट उभं राहिलं. प्रत्येक कंपनीचं मशीन वेगळं आणि भाषाही वेगळी. मशीन बदललं की सगळे प्रोग्राम पुन्हा लिहा. मे १९५९ मध्ये पेंटागॉनमध्ये बैठक झाली आणि सगळ्या मशीनांवर चालेल अशी एक भाषा करायचं ठरलं. तीच कोबॉल.

कोबॉल हॉपर यांनी एकटीने बनवली, असं बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. ते बरोबर नाही. भाषेचा आराखडा सहा जणांच्या गटाने केला आणि त्यात जीन सॅमेट आणि गर्ट्रूड टियर्नी या दोन बायका होत्या. हॉपर सल्लागार होत्या. पण पाया बऱ्याच अंशी त्यांच्या फ्लो-मॅटिकचा होता. डिसेंबर १९६० मध्ये एकच कोबॉल प्रोग्राम दोन वेगळ्या कंपन्यांच्या कॉम्प्युटरवर चालवून दाखवण्यात आला.

कोबॉलमध्ये कॉपी नावाची एक सोय आहे. सगळ्या प्रोग्राममध्ये लागणारा मजकूर लायब्ररीतल्या एकाच मेंबरमध्ये लिहायचा. बाकी प्रोग्रामांनी फक्त त्या मेंबरचं नाव घ्यायचं. कंपायलर तो मजकूर आणून जागच्या जागी बसवतो.

आता जिल्ह्याच्या नावाकडे परत या. नावाची जागा अशा एकाच मेंबरमध्ये लिहिली असेल, तर तिथे १० ऐवजी ११ करायचे आणि तो मेंबर वापरणारे सगळे प्रोग्राम पुन्हा कंपाइल करायचे. अर्थात आधी साठवलेली माहिती नव्या मापात आणावी लागते, ते काम चुकत नाही. पण ज्यांनी हे पथ्य पाळलं नाही, त्यांना प्रत्येक मेंबर धुंडाळावा लागतो. तिथेही सापळा असतो. जुन्या कोबॉलमध्ये पंच कार्डाच्या हिशेबाने ओळ ८० रकान्यांची असते आणि प्रोग्रामचा मजकूर ७२ व्या रकान्यापर्यंतच वाचला जातो. एका अक्षराने ओळ सरकली आणि मजकूर ७२ च्या पुढे गेला, की कंपायलरला तो दिसतच नाही.

वर्ष दोन आकड्यांत लिहायची सवयही याच पंच कार्डांच्या काटकसरीतून आली. १९९९ मध्ये वायटूकेच्या भीतीने जगभरातले जुने प्रोग्राम तपासायची वेळ आली, तेव्हा त्या कामाचा मोठा वाटा भारतातल्या कंपन्यांनी उचलला. मुंबई-पुण्याच्या आयटी कंपन्यांना त्यातून मोठं काम मिळालं.

निवृत्ती झाली, पण टिकली नाही

१९६६ च्या अखेरीस, वयाच्या साठीत, नौदलाने हॉपर यांना निवृत्त केलं. सात महिन्यांत परत बोलावलं. कारण नौदलात कोबॉलचे इतके वेगवेगळे अवतार झाले होते की एका ठिकाणचा प्रोग्राम दुसरीकडे चालेना. सहा महिन्यांसाठी आलेल्या बाई पुढे जवळपास १९ वर्षं राहिल्या, मधला एक छोटा खंड सोडला तर.

त्यांनी आणि त्यांच्या टीमने कंपायलर तपासणारे प्रोग्राम तयार केले. कंपनी काहीही म्हणो, चाचणीत तेच उत्तर आलं तरच तो कंपायलर खरा कोबॉल. घाऊक बदल करायचा तर घाऊक तपासणीही हवी, हा धडा त्यातून मिळाला.

व्याख्यानांना जाताना त्या तारेचे सुमारे ३० सेंटिमीटरचे तुकडे घेऊन जायच्या. एका सेकंदाच्या अब्जाव्या भागात वीज जास्तीत जास्त एवढंच अंतर जाऊ शकते, हे लोकांच्या हातात ठेवून सांगायच्या. ऑफिसात उलटं फिरणारं घड्याळ लावलं होतं. घड्याळ असंच फिरलं पाहिजे असं काही नाही, हे समोरच्याला कळावं म्हणून.

१४ ऑगस्ट १९८६ ला, वयाच्या ७९ व्या वर्षी त्या रिअर अॅडमिरल म्हणून निवृत्त झाल्या. कार्यक्रम बोस्टनमध्ये यूएसएस कॉन्स्टिट्यूशन या जुन्या युद्धनौकेवर झाला. त्यानंतरही त्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये सल्लागार होत्या. १ जानेवारी १९९२ ला त्यांचं निधन झालं. पुढे नौदलाच्या एका युद्धनौकेला त्यांचं नाव दिलं गेलं आणि २०१६ मध्ये अमेरिकेचा प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम मरणोत्तर जाहीर झाला.

जिल्ह्याचं नाव बदललं की कुठल्या तरी ऑफिसात कुणीतरी शोधा-आणि-बदला चालवणारच. त्याने आधी नावाला किती जागा ठेवली आहे ते बघावं, कुठे बदलायचं नाही त्याची यादी करावी, मूळ मेंबरांची एक प्रत बाजूला ठेवावी आणि बदल झाल्यावर जुनं आणि नवं उत्तर शेजारी ठेवून तपासावं. नाहीतर 'अहिल्यानगा' छापून आलेलं पासबुक घेऊन खातेदार काउंटरवर उभा राहतो.