मलिकंबरचा चेहरा

आमच्या हमरापुरात गणपतीच्या कारखान्यांमुळे वर्षभर रंगाचा वास असतो. देवाचे अंग गुलाबीसर गोरे. एखाद्या मूर्तीत पायाखाली असुर असलाच तर तो काळा. लहानपणापासून हेच पाहत आल्याने त्यात वावगे काही वाटले नाही. खटकले ते शाळेत. इतिहासाच्या धड्यात निजामशाहीचा हबशी वजीर आला आणि माझा वर्ण, कुरळे केस, जाड ओठ पाहून वर्गाने माझे नाव मलिकंबर ठेवले. पुढे स्नेहसंमेलनात राक्षसाखेरीज दुसरे काम वाट्याला आले नाही. हा मलिकंबर होता तरी कोण, हे शोधायला मात्र मला चाळिशी गाठावी लागली.

१५४८ च्या सुमारास अॅबिसिनियात जन्मलेला हा मुलगा. मूळ नाव चापू. गुलामांच्या बाजारांतून विकला जात तो बगदादला आणि तिथून दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा पेशवाही एकेकाळचा हबशी गुलामच. धनी वारल्यावर अंबर मुक्त झाला, काही काळ विजापूरकरांकडे राहिला आणि पुन्हा अहमदनगरकडे वळला. १६०० मध्ये नगरचा किल्ला मोगलांनी घेतला. राज्य बुडाले असे सारे धरून चालले असता याने निजामशाही घराण्यातला एक वारस गादीवर बसवून पुढची पंचवीस वर्षे ते तगवले.

मराठी घोडदळ हाताशी धरून त्याने जी गनिमी लढाई केली, तिने मोगलांना जेरीस आणले. १६२४ च्या भातवडीच्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले, शरीफजी तिथेच पडले. जमिनीची प्रतवारी लावून त्याने बसवलेला मलिकंबरी धारा पुढे कितीतरी काळ लोकांच्या तोंडी राहिला. १६१० मध्ये खडकी वसवली आणि डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीने शहरात आणले. तीच खडकी पुढे औरंगाबाद झाली, आज छत्रपती संभाजीनगर आहे.

आता जहांगीर बादशहाचे पाहा. हा शत्रू काही केल्या आटोपेना. तेव्हा बादशहाने आत्मचरित्रात त्याचा उल्लेख केला तो काळ्या तोंडावरून शिव्या देत. १६१६ च्या सुमारास अबुल हसन या चित्रकाराने एक चित्र काढले. भाल्याच्या टोकावर अंबरचे कापलेले शिर, त्यावर घुबड, आणि पृथ्वीच्या गोलावर उभा राहून बादशहा त्याला बाण मारतो आहे. रणात जे साधले नाही ते कागदावर! १६१७ साली पीटर व्हॅन डेन ब्रुक हा डच व्यापारी त्याला छावणीत भेटला. त्यानेही आधी चेहराच टिपला, पण लोक या माणसाला मानतात, कारभार चोख आहे, हेही नोंदवायला तो विसरला नाही.

१६२६ मध्ये ऐंशीच्या घरात अंबर वारला. खुलताबादेत त्याची कबर आहे. मोगल दरबारचाच इतिहासकार मुतमिदखान याने मग लिहून ठेवले, की युद्धात, सेनापतित्वात आणि कारभारात याला तोड नव्हती. मात्र त्याला जोडूनच तो आश्चर्य करतो, ते एका हबशी गुलामाने एवढी उंची गाठली याचे.

आमच्या धड्यात मलिकंबरला जेमतेम दोन ओळी होत्या. नहर त्यात नव्हती.