राहाता ते निमगाव : रेल्वेत न बसलेल्या साईबाबांची कथा

शिर्डीच्या साईबाबांचे फिरणे एका बाजूला राहाता आणि दुसऱ्या बाजूला निमगाव, एवढ्यापुरतेच मर्यादित होते. या शिवेपलीकडे ते गेले नाहीत. रेल्वेत बसणे दूरच, त्यांनी ती पाहिलीही नव्हती, असे चरित्रकार गोविंद रघुनाथ दाभोळकर ऊर्फ हेमाडपंत यांनी नोंदविले आहे. तरीही बाबांचे नाव देशभर पोहोचविण्यात रेल्वेचा वाटा मोठा आहे.

बाबांचा जन्म, जात आणि मूळ गाव यांचा निश्चित पुरावा नाही. परंपरेनुसार ते तरुणपणी शिर्डीत प्रकटले, मध्यंतरी निघून गेले आणि धूपखेड्याच्या चांद पाटलांच्या वऱ्हाडाबरोबर परतले. पडक्या मशिदीत त्यांनी मुक्काम केला. राहात्याशी त्यांचा संबंध जुना होता. जव्हार अली नावाचा फकीर त्यांना शिष्य म्हणवीत राहात्यास घेऊन गेला, तेव्हा शिर्डीकरांनी तेथे जाऊन त्यांना परत आणले. राहात्याहून फुलझाडांची रोपे आणून त्यांनी शिर्डीत बाग फुलविली. तेथील खुशालचंद शेठ यांच्या घरीही त्यांचे जाणे-येणे असे.

याच काळात परिसराचे रूप पालटत होते. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाच्या वर्षांत दौंड-मनमाड लोहमार्गाचे काम चालू होते. १८७८ मध्ये हा मार्ग खुला झाला आणि मुंबईहून भुसावळकडे व सोलापूरकडे जाणारे दोन मोठे मार्ग एकमेकांस जोडले गेले. कोपरगाव, पुणतांबे, चितळी अशी स्थानके झाली. राहाता आणि शिर्डी मात्र लोहमार्गापासून दूरच राहिली.

विसाव्या शतकाच्या आरंभी नानासाहेब चांदोरकरांसारखे सरकारी अधिकारी आणि दासगणूंची कीर्तने यांमुळे बाबांची कीर्ती मुंबई-कोकणापर्यंत गेली. भाविक कोपरगाव स्थानकावर उतरत, टांगा करीत आणि गोदावरी ओलांडून शिर्डी गाठत. वकील, मामलेदार, व्यापारी अशी माणसे त्या मशिदीत शेतकऱ्यांच्या शेजारी बसू लागली. १९१७ मध्ये लोकमान्य टिळकही येऊन गेले.

रेल्वे न पाहिलेल्या या फकिराला गाड्यांच्या वेळा मात्र अचूक ठाऊक असत, असे भक्त सांगत. निरोप घेतल्यावाचून घाईने निघालेल्यांची वाटेत फजिती होई आणि जेवून जाण्याची आज्ञा पाळणाऱ्यांना उशिरा आलेली गाडी हमखास मिळे, अशा अनेक आठवणी आहेत. श्रद्धेचा भाग बाजूला ठेवला, तरी पाहुण्याला उपाशी न पाठविण्याची गावची रीत त्यांत स्पष्ट दिसते.

रेल्वेने गर्दी आणली, तशी दक्षिणाही आणली. राजेशाही थाट भक्तांनी मांडला. बाबांनी भिक्षेची झोळी सोडली नाही. सकाळपासून जमलेला पैसा ते त्याच दिवशी वाटून टाकीत. १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीला त्यांनी देह ठेवला, तेव्हा त्यांच्यापाशी संचय असा नव्हताच. नागपूरच्या बुटींनी बांधलेल्या वाड्यात त्यांची समाधी झाली.

पुढे नव्वदहून अधिक वर्षे भाविकांना कोपरगाव किंवा मनमाडलाच उतरावे लागे. पुणतांब्याहून फाटा काढून २००९ मध्ये साईनगर शिर्डी स्थानक सुरू झाले. २०१७ मध्ये विमानतळ आला आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईहून वंदे भारत धावू लागली. आज शिर्डी राहाता तालुक्यात मोडते. ज्या शिवारात बाबा आयुष्यभर पायी हिंडले, तेथेच दूरदूरच्या राज्यांतून निघालेल्या गाड्यांचा प्रवास संपतो. मशिदीत शिजणारे अन्न येईल त्याला वाढणे आणि आलेला पैसा साठू न देणे, हा मात्र त्या फकिराचा नेम होता. वाढत्या गर्दीच्या आणि मोठ्या देणग्यांच्या आजच्या शिर्डीला त्याचेच स्मरण अधिक गरजेचे आहे.