रुडॉल्फ डिझेल

डहाणू-तलासरीच्या किनाऱ्यावरून मच्छीमारांच्या नौका धडधडत समुद्रात शिरतात. त्यांच्या इंजिनास ज्याचे नाव लाभले, तो रुडॉल्फ डिझेल १८५८ साली पॅरिस येथे एका जर्मन कुटुंबात जन्मला. १८७० च्या युद्धामुळे कुटुंबास ते शहर सोडावे लागले. बारा वर्षांचा रुडॉल्फ आईबापांपासून दूर, जर्मनीतील ऑग्सबर्ग येथे शिकू लागला.

वाफेच्या यंत्रात कोळशाची बहुतेक उष्णता वाया जाते, हे म्युनिक येथे शिकताना त्याला कळले. हा अपव्यय टाळण्याचा त्याला ध्यास लागला. हवा जोराने दाबली की तापते. ती इतकी तापवावी की आत सोडलेले तेल ठिणगीवाचून पेटावे, अशी त्याची कल्पना होती.

१८९३ साली पहिल्याच प्रयोगात स्फोट झाला. रुडॉल्फ थोडक्यात बचावला. परंतु प्रयोग थांबले नाहीत. १८९७ साली इंधनाच्या उष्णतेचा चौथा हिस्सा कामी लावणारे यंत्र त्याने सिद्ध केले.

१९१३ साली इंग्लंडला जाताना तो बोटीवरून नाहीसा झाला. पुढे १९७४ साली मुंबईच्या पश्चिमेस भर समुद्रात तेल सापडले. अशा तेलविहिरी खोदणारी अवजड यंत्रे अहोरात्र चालतात, ती डिझेलच्याच इंजिनाच्या बळावर. मनुष्य गेला, तरी त्याचे चिकाटीचे श्रम असे फळत राहतात.